मामांची फियाट, मडगार्डच्या आतली बाजू आणि दाणेदार कोट

गाडी म्हणजे १९६९ ची फियाट ११०० डिलाइट, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. पुढं हीच गाडी पद्मिनी नावानं घराघरात गेली, पण आमच्या मामांकडे तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. आजोबांनी घेतलेली, नंबर अजून म्हैसूर राज्याच्या काळातला, एमवायनं सुरू होणारा (राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ ला). मामा खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे राहतात, मामींचं माहेर डिचोली, म्हणजे गाडीचं अर्धं आयुष्य चोर्ला घाटात गेलंय असं म्हटलं तरी चालेल. मलप्रभा उगम पावते तो कणकुंबीचा पट्टा, तिथून घाट उतरून केरी, साखळी आणि मग डिचोली. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२००-१३०० मिलिमीटर पाऊस, आणि कणकुंबीकडे त्याच्या दुपटीहून जास्तच. वर रस्त्याकडेची तांबडी माती, खडी, आणि भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरनी रस्त्यावर आणून टाकलेला चिखल.

२०२३ च्या मार्चमधे मामांनी गाडी रंगवायला काढली. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमधे क्वालिटीत काम करतो, गाड्यांची आवड लहानपणापासून, त्यामुळं मामा म्हणाले तू बघ गा सगळं, मी पैसे देतो. इंजिन, वायरिंग, बाहेरचा रंग हे सगळं ठरलेल्या वाटेनं झालं, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही. अडलं ते चारही चाकांवरच्या कमानीत, म्हणजे मडगार्डच्या आतल्या बाजूला कुठलं अंडरकोटिंग (दगड-चिखलापासून पत्रा वाचवणारा जाड थर) मारायचं या एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न सुटायला दहा महिने लागले. एवढा वेळ का लागला आणि शेवटी काय मारलं ते सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हेच ठरवावं लागतं आणि बहुतेक जण गॅरेजवाला म्हणेल ते मारून मोकळे होतात.

आधी काय सापडलं ते. चाकं काढून गाडी घोड्यांवर चढवली तेव्हा आतून सगळं चांगलं दिसत होतं. काळाभोर, जाड, खरबरीत थर, कुठं भोक नाही कुठं गंज नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजमधे मामांनी पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचं कोटिंग मारून घेतलं होतं आणि ते बघायला मजबूत वाटत होतं. आमचे टिंकर मिस्त्री, मूळचे धारवाडकडचे, त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघितलं. मागच्या उजव्या कमानीत आवाज बद्द आला. त्यांनी टोक घातलं तर काळा थर पापडासारखा हातभर सुटून आला आणि त्याच्या मागं ओली तांबडी माती. एप्रिल महिना, गाडी दीड महिना शेडमधे उभी, बाहेर ऊन रणरणतंय आणि आत माती ओली! थराच्या मागच्या बाजूला पत्र्याचा गंज पाट्यापाट्यांनी चिकटून आला होता. कमानीचा आतला आणि बाहेरचा पत्रा जिथं एकमेकाला जोडलाय त्या कडेवर वीतभर लांबीत पत्राच उरला नव्हता, नुसतं डांबर आणि गंज मिळून आकार धरून होते.

म्हणजे त्या वेळी कमान नीट धुऊन सुकवली नाही, जुनी माती खरवडली नाही, वरून फवारलं. कोटिंगनं गंज थांबवला तर नाहीच, उलट झाकून ठेवला आणि वाढवला. मला हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण मामांनी काळजीपोटीच पैसे घातले होते.

हे असं का होतं ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचा निर्णय कळणार नाही. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात हे आपण शाळेत शिकलो, पण कोपऱ्यात दबलेल्या चिखलाखाली गोष्ट थोडी वेगळी चालते. जिथं हवा कमी पोचते तो भाग आणि जिथं जास्त पोचते तो भाग यांच्यात एकाच पत्र्यावर छोटी बॅटरी तयार होते आणि कमी हवेचा भाग, म्हणजे बरोबर झाकलेला भाग, खाल्ला जातो. त्यात तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळं तो वरचा थर स्वतःच उचलतो, फट वाढते, आणखी पाणी आत. पाण्यात मीठ असेल तर हे फार वेगानं होतं. आता आम्ही काही समुद्रकाठी नाही, मीठ कुठनं येणार असं मला वाटायचं, पण डिकीतली चटई काढली तेव्हा मामांनीच सांगितलं की ऊस केला होता त्या वर्षांत खताची पोती याच डिकीतनं आणायचो. युरिया आणि पोटॅश. पोटॅश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, ते पोटॅशियम क्लोराइडच, मिठाचा सख्खा भाऊ. फुटक्या पोत्यातला चुरा डिकीच्या कडेनं खाली मागच्या कमानीच्या सांध्यात उतरला असणार, कारण मागच्या दोन्ही कमानी पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त खराब होत्या.

पत्र्याचं काम मिस्त्रींनी केलं. कुजलेला भाग कापून २० गेजचा नवीन सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा हातानं वळवून सीओटू वेल्डिंगनं बसवला. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे, त्यामुळं कमानीजवळचा पत्रा म्हणजे नुसतं झाकण नव्हे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा भारही शेवटी याच पत्र्यांच्या जाळ्यावर येतो. म्हणून मडगार्डच्या आतलं कोटिंग हा दिसण्याचा विषय नाही.

आता खरा प्रश्न. काय मारायचं?

प्रत्येकाचं मत वेगळं. मामा म्हणाले, "परत डांबरच मार की गा, ट्रॉलीला-बिलीला सगळ्यांना तेच मारतात, स्वस्तात होतंय." वडगावातले एक ओळखीचे काका म्हणाले कशाला काय पाहिजे ओ, दर मिरगाच्या आधी जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून पंपानं मारायचं, आम्ही जीपला आयुष्यभर तेच केलं. मामांचा मुलगा बेंगळुरूला असतो, त्यानं व्हिडिओ पाठवले, पिकअपच्या मागच्या हौद्याला मारतात ते बेड लायनर, दोन भागांचं पॉलियुरेथेन, हातोड्यानं मारलं तरी फुटत नाही. खडेबाजारातल्या पेंटच्या दुकानदारानं स्प्रेचे डबे पुढं केले, रबराइज्ड, हलवा आणि मारा. आणि उद्यमबागेत आमच्या शेजारी बसच्या बॉडीचं काम करणारे एक जण म्हणाले स्टोन चिप कोट घे, लिटरच्या बाटलीत येतो, शुट्झ गन म्हणजे जाड माल फवारायची गन लावून मारायचा, वरून रंग धरतो.

जळक्या ऑइलचं आधी सांगतो कारण ते लगेच बाद केलं. तेलाचा पातळ थर गंज रोखतो हे खरं आहे, नाकारण्यासारखं नाही. पण जळक्या ऑइलमधे इंजिनातली आम्लं आणि धातूचा चुरा असतो, ते रबराच्या बुशा फुगवतं, पहिल्या चार पावसांत धुऊन शेतात जातं, आणि फियाटला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की घाटात काय होईल ते वेगळं सांगायला नको. मामींना घेऊन चोर्ला उतरणाऱ्या गाडीला ते नको.

बाकी चार राहिले. डांबर, स्प्रे डबा, स्टोन चिप कोट आणि बेड लायनर. यात कोण चांगलं हे डब्यावर वाचून कळत नाही, कारण प्रत्येक डब्यावर सर्वोत्तमच लिहिलेलं असतं. मग मी जे रोज कामावर करतो तेच केलं, नमुने बनवले. शॉपमधले उरलेले २० गेज सीआर पत्र्याचे तुकडे घेतले, एक फूट बाय एक फूट. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या अर्ध्या भागावर साधं रेड ऑक्साइड प्रायमर, उजव्या अर्ध्यावर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, आणि वरून सगळीकडे तो तो कोट. प्रत्येक प्रकाराचे दोन तुकडे, म्हणजे आठ. तीन आठवडे सुकू दिले.

पहिली परीक्षा दगडाची. मोठ्या कंपन्यांत यासाठी एसएई जे४०० नावाची ठरलेली चाचणी असते, त्यात हवेच्या दाबानं खडी पॅनेलवर मारतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, म्हणून दहा फुटी पीव्हीसी पाइप उभा धरला, खाली तुकडा तिरका ठेवला आणि वरनं मूठमूठ लोखंडी नट सोडले, प्रत्येकाला सारखेच, मोजून. यात निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. बेड लायनरला काहीच झालं नाही, खरंच काहीच नाही. स्टोन चिप कोटला खड्डे पडले पण पत्रा उघडा पडला नाही. डांबराचे टवके उडाले, थंडीच्या सकाळी परत केलं असतं तर आणखी उडाले असते, कारण डांबर गार झालं की ठिसूळ होतं. स्प्रेच्या डब्याचा थर मुळात इतका पातळ बसला होता की तीन हात मारूनही नटांनी तो सोलून काढला. दुकानदाराला दोष देत नाही, एका डब्यात माल किती आणि गॅस किती याचा हिशोब केला की कळतं की चाकावरच्या कमानीसारख्या मार खाणाऱ्या जागेला तो पुरणारच नाही. छोट्या टचअपला ठीक.

इथं थांबलो असतो तर बेड लायनर मारून मोकळा झालो असतो आणि तेच चुकलं असतं.

दुसरी परीक्षा पावसाळ्याची. प्रत्येक प्रकारच्या दुसऱ्या तुकड्यावर ब्लेडनं पत्र्यापर्यंत फुलीचा चरा पाडला, दोन्ही अर्ध्यांवर, आणि ते चार तुकडे मामांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या फेकीत येतील असे बोल्टनं अडकवले. जूनमधे अडकवले, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढले. मधल्या काळात चिखलणी, लावणी, रस्त्यावरची खडी, शेणाच्या गाड्या, सगळं झालं. चार महिन्यांत त्यांनी गाडीनं चार वर्षांत खाल्ला नसता एवढा मार खाल्ला असेल.

काढून धुतल्यावर जे दिसलं त्यानं माझा विचारच बदलला. डांबर, रेड ऑक्साइडच्या बाजूला: चऱ्यापासून दोन्ही बाजूला बोटभर सुटलेलं, खाली गंज, म्हणजे मामांच्या गाडीत झालं त्याचीच छोटी प्रत. डांबर, इपॉक्सीच्या बाजूला: वरचं डांबर बरंच उडून गेलेलं पण खालचं राखाडी इपॉक्सी शाबूत, गंज फक्त चऱ्याच्या रेघेत. स्टोन चिपचंही तसंच, इपॉक्सीवर उत्तम, रेड ऑक्साइडवर चऱ्याच्या कडेनं थोडा फुगवटा, पण फुगवटा डोळ्याला दिसत होता, बोटाला लागत होता. आणि बेड लायनर. वरून बघितलं तर नवाच्या नवा, धुतल्यावर चमकला. मिस्त्रींनी रेड ऑक्साइडच्या बाजूला चऱ्यात पटाशीचं टोक घालून उचललं तर अर्ध्या फुटाचं ताट निघावं तसा सगळा थर एकसंध उचलला गेला आणि खाली पत्रा तांबडा. म्हणजे कोट इतका मजबूत की खालच्या प्रायमरनं पत्रा सोडला तरी कोटानं आकार सोडला नाही, आणि वरून काहीच कळलं नाही. इपॉक्सीच्या बाजूला तो घट्ट होता, तिथं तक्रार नाही. रेड ऑक्साइड मऊ असतं, दोन भागांच्या कोटातलं थिनर त्याला खालून सैल करतं, हे पेंटवाल्यांना माहीत असतं, पण एवढं सैल होईल असं वाटलं नव्हतं.

आठही तुकडे मी टेबलावर मांडले आणि तेव्हा लक्षात आलं की आम्ही इतके महिने चुकीचा प्रश्न विचारत होतो. गंज कोणी थांबवला? चारही कोटांत, जिथं इपॉक्सी होतं तिथं थांबला. वरचा दाणेदार कोट हा दगडाचा मार झेलायला आहे, पाणी अडवायचं काम खालच्या प्रायमरचं आणि सांध्यातल्या सीलरचं, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी लुगदीचं. मग वरच्या कोटाकडून मागायचं ते वेगळंच. त्यानं मार खाऊन प्रायमर वाचवावा, आणि जेव्हा हरेल तेव्हा ते मला दिसावं. जुन्या गाडीत तो कधीतरी हरणारच आहे. हरल्याचं लपवणारा कोट मला नको होता, मग तो कितीही मजबूत असू दे.

बेड लायनर नको म्हणायला आणखी दोन कारणं होती. एक, पंचावन्न वर्षांची गाडी आहे, तिथं परत कधीतरी वेल्डिंग करावं लागणार हे नक्की. स्टोन चिप हीट गननं मऊ करून पट्टीनं खरवडता येतो, बेड लायनर ग्राइंडरशिवाय निघत नाही आणि ग्राइंडरखाली पत्राही पातळ होतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन भागांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासातून गेलं तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढं अगदी थोड्या वाफेनंही झटका येतो, ती माणसं मग पेंटचं कामच करू शकत नाहीत. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्या गॅरेजमधे नाकाला रुमाल बांधून रंग मारतात. मिस्त्रींबरोबर त्यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या काम करतो. कमानीच्या आत डोकं घालून तो हे फवारणार होता. मी हे सांगितल्यावर मिस्त्री दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "ब्याड्री, अदु ब्याड." नको म्हणजे नको. विषय तिथंच संपला. इपॉक्सीच्या हार्डनरचीही वाफ चांगली नसते, कातडीला त्रास देते, म्हणून त्या कामाला मी फिल्टरचे अर्ध्या चेहऱ्याचे मास्क आणि हातमोजे आणून दिले आणि दोघांनी ते शेवटपर्यंत वापरले.

डांबराबद्दल मामांना समजावणं सोपं गेलं, फक्त तो पापड दाखवला. शिवाय डांबरावर रंग बसत नाही, खालून तपकिरी डाग वर येतो, आणि आम्हाला कमानीत बॉडीचाच रंग हवा होता. का, तर जुने थर खरवडताना पुढच्या डाव्या कमानीत वरच्या कोपऱ्यात एक बित्ताभर जागा अशी सापडली जिथं कुणाचा हात लागला नव्हता, आणि तिथं बारीक दाण्याच्या थरावर बॉडीचा फिकट राखाडी रंग होता. मी त्या जागेचा फोटो काढून ठेवला, मेणबत्तीचं मेण ओतून त्या दाण्याचा ठसाही घेतला. मामांना गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती सोय आहे, पण बॉडी, चासी, इंजिन मूळ रूपात असायला हवं. मडगार्डच्या आतला दाणा कोणी अधिकारी तपासणार नाही हे मला माहीत आहे. तरी मूळ कसं होतं ते समोर दिसत असताना दुसरं काही मारायला मन झालं नाही.

तर ठरलं: इपॉक्सी प्रायमर, सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, वर स्टोन चिप कोट बारीक दाण्याचा, त्यावर बॉडीचा रंग.

काम २०२४ च्या जानेवारीत केलं. मुद्दाम. पावसाळ्यात बेळगावात हवा इतकी ओली असते की पत्र्यावर दिसत नाही असं दव बसतं आणि त्यावर प्रायमर मारला की आपण पाणीच कोंडून ठेवतो. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर पाहिजे. जानेवारीत सकाळी पत्रा गारठलेला असतो म्हणून आम्ही अकरानंतर सुरू करायचो आणि चारच्या आत संपवायचो.

पत्रा वायर कपनं आणि नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला, जिथं खड्ड्यात गंजाचे ठिपके राहिले तिथं फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावून, धुऊन, हीट गननं सुकवून, मग थिनरच्या फडक्यानं पुसलं. फडकं दर वेळी नवीन, एकच फडकं फिरवलं की ग्रीस पुसलं जात नाही, पसरतं. इपॉक्सी दोन हात. सीलर त्याच्यावर, ब्रशनं, कारण नोझलनं नुसती वळी ओढली तर ती वर बसते, ब्रशनं सांध्यात दाबली जाते. सीलर प्रायमरच्या आधी नंग्या पत्र्यावर लावणारेही आहेत. माझ्या मते ते चूक, सीलरला धरायला आणि पत्र्याला वाचायला दोन्हीला प्रायमर आधी हवा.

मास्किंगला अख्खा एक दिवस गेला आणि तो दिवस सत्कारणी लागला असं मी म्हणेन. ब्रेकचे रबरी होज, ब्लीड निपल, हँडब्रेकची केबल, मागच्या पाट्या, पुढची कॉइल स्प्रिंग, शॉकचे बोल्ट, सगळं टेप आणि पेपरनं बांधलं. होजवर कोट बसला की तो ताठ होतो आणि चीर पडलेली दिसत नाही. आणि पाणी जायची भोकं. प्रत्येक भोकात आगकाडी खोचली. तरी एक सुटलं, डाव्या मागच्या कमानीच्या पायाशी, ते सीलरनं बुजलं आणि आम्हाला कळलंच नाही, पुढं सांगतो.

दाण्याची गोष्ट सगळ्यात मजेची आणि सगळ्यात शिकवणारी. शुट्झ गनला लिटरची बाटली खालून स्क्रू होते, हवा जाते आणि माल खेचून वर आणते. हवेचा दाब जास्त असला की दाणा बारीक, कमी असला की मोठे थेंब पडतात. गन जवळ धरली तर माल ओला बसून दाणे एकमेकांत मिसळतात आणि सपाट होतं, लांब धरली तर वाटेतच सुकून कोरडा खरखरीत दाणा बसतो. आम्ही आधी पुठ्ठ्यांवर मारून बघितलं. दाब आणि अंतर बदलत सहा पुठ्ठे केले, प्रत्येकावर पेननं आकडा लिहिला आणि त्या मेणाच्या ठशाशेजारी धरून उन्हात तिरके करून बघितले. चार बार दाब आणि साधारण वीतभर अंतर, हा पुठ्ठा जवळजवळ जुळला. मिस्त्रींचा आग्रह मोठ्या दाण्याचा होता, तो भारी दिसतो आणि वेल्डिंगच्या रेघा लपवतो. मला म्हणूनच तो नको होता. शिवाय मोठ्या दाण्याच्या खोबणीत आपली तांबडी माती बसते ती पाण्याच्या पाइपानं निघत नाही, बारीक दाणा एका फवाऱ्यात धुऊन निघतो. माती धरून ठेवणारा कोट म्हणजे परत पहिलेच पाढे.

दोन हात मारले, मधे थर हाताला चिकटणार नाही एवढं थांबून. मिळून साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी आली असेल. टायरच्या बरोबर मागं, जिथं खडी सरळ आदळते, तिथं तिसरा हात. पहिल्या तीन कमानी छान झाल्या. चौथ्या, उजव्या मागच्या कमानीत दाणा अचानक मोठा यायला लागला. कारण शोधायला अर्धा तास गेला: कॉम्प्रेसर छोटा, सतत चालून टाकीतला दाब खाली आला होता आणि कुणी काट्याकडे बघत नव्हतं. थांबलो, टाकी भरू दिली, उरलेलं मारलं. त्या कमानीत खालच्या बाजूला हातभर जागेत दाणा वेगळा आहे. काढून परत मारावं का यावर चर्चा झाली, मामा म्हणाले राहू दे गा, काम चांगलं बसलंय, पुढच्या वेळी बघू. मी ऐकलं, पण दर वेळी चाक काढलं की माझी नजर तिथंच जाते.

आठवडाभर सुकू देऊन वर बॉडीचा रंग पातळ दोन हात मारला. जाड रंग दिला तर दाणा भरून जातो. सगळ्यात शेवटी बंद पोकळ्यांमधे, जिथं गन पोचत नाही तिथं, लांब नळीनं पोकळीत मारायचं मेण फवारलं, हे मात्र सगळ्यात शेवटीच, कारण मेणाचा एक थेंब पत्र्यावर आला की त्यावर काहीही चिकटत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात मामांनी गाडी सहा वेळा डिचोलीला नेली. मला आधी जिवावर आलं होतं, पण ती त्यांची गाडी आहे आणि गाडी फिरण्यासाठीच असते. ऑक्टोबरमधे परत चाकं काढली. पुढच्या दोन कमानीत काही नाही, पाणी मारलं आणि राखाडी रंग दिसला. उजव्या मागच्या कमानीत टायरच्या मागं तीन टवके, तांदळाच्या दाण्याएवढे, त्यातून इपॉक्सी दिसत होतं, पत्रा कुठंच नाही. टवका दिसला हेच मला हवं होतं. घासून, पुसून, ब्रशनं कोट आणि रंग लावला, तासाभराचं काम. डाव्या मागच्या कमानीच्या पायाशी मात्र बोटाला ओल लागली. मी आधी घाबरलो, मग बॅटरी घेऊन आडवा झालो तेव्हा ते बुजलेलं भोक सापडलं. ३ मिलिमीटरच्या ड्रिलनं हातानंच उघडलं, अर्धी वाटी गढूळ पाणी आलं. आत कॅमेरा घालून बघितलं, मेणाचा थर शाबूत होता, गंज नव्हता. भोकाच्या कडेला इपॉक्सी लावलं, आगकाडी खोचून ठेवली, दुसऱ्या दिवशी काढली.

आता मामांनी शेडच्या भिंतीवर खडूनं चार कमानींची चित्रं काढली आहेत, आणि गाडी धुतली की कुठं टवका दिसला तिथं फुली मारून तारीख लिहितात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा एकूण पाच फुल्या होत्या, सगळ्या उजव्या मागच्या कमानीत, त्यातल्या चार त्या मोठ्या दाण्याच्या हातभर जागेत. दिवाळीनंतर तेवढा भाग खरवडून परत मारायचाय, या वेळी मोठा कॉम्प्रेसर भाड्यानं आणून.